मास्तरांची केबिन : शेतातलं जंक्शन

गेल्या महिन्यात एका वाचकाला उत्तर देताना मी, एक जुना स्टेशनमास्तर, जाता जाता लिहून गेलो की लंडनच्या मेट्रोपॉलिटन ह्या भुयारी रेल्वेचं एक टोकाचं स्टेशन शेतात होतं आणि त्याच्या आसपास गावच नव्हतं. त्या एका ओळीवर आजवरच्या कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त पत्रं आली. दोघांनी तर मी थापा मारतो असंच सुचवलंय. म्हणून ह्या खेपेला बाकीची पत्रं बाजूला ठेवतो आणि त्या एका स्टेशनाबद्दलच बोलतो. नाव वर्नी जंक्शन, जिल्हा बकिंगहॅमशर, इंग्लंड. माझी मुलगी मिल्टन कीन्सला असते. तिथून मोटारीने अर्धा-पाऊण तास. मी दोनदा जाऊन आलोय.

प्रश्न : मास्तर, आम्हीही मिल्टन कीन्सलाच असतो. तुमचं वाचून रविवारी मुद्दाम गेलो. वर्नी जंक्शन नावाची पाटी आहे, पाच-पंचवीस घरं आहेत, बाकी गवत आणि मेंढ्या. घरी जुना रेल्वे नकाशा काढून पाहिला तर लंडनच्या बेकर स्ट्रीट स्टेशनापासून निघालेली रेघ खरंच इथपर्यंत येते! भुयारी रेल्वे पन्नास मैलांवरच्या शेतात कशाला आणली असेल? *(एक वाचक, मिल्टन कीन्स)*

उत्तर : आणली नाही हो. ती पुढे जायची होती, इथे अडकली.

आधी एक गैरसमज काढतो. स्टेशन भुयारी रेल्वेवाल्यांनी बांधलेलं नाही. त्या शेतातून रूळ आधीच गेलेले होते. ब्लेचलीहून बॅनबरीकडे जाणारा मार्ग 1 मे 1850 ला सुरू झाला आणि त्याच वर्षी त्याला ऑक्सफर्डच्या दिशेचा फाटा फुटला. फाटा जिथे फुटला ती जागा म्हणजे हे शेत. सांधे होते, स्टेशन नव्हतं. असणार कसं? उतरून जायचं कुठे? अठरा वर्षं गाड्या तिथून नुसत्या वळत राहिल्या.

मग 23 सप्टेंबर 1868 ला दक्षिणेकडून एल्सबरीची लाइन येऊन ह्याच जागी मिळाली आणि त्या दिवशी स्टेशन उघडलं. आता चार दिशा झाल्या : पूर्वेला ब्लेचली, पश्चिमेला ऑक्सफर्ड, वायव्येला बकिंगहॅम-बॅनबरी आणि दक्षिणेला एल्सबरी. एल्सबरीची ही कंपनी अगदी गरीब. एकेरी रूळ, मोजकी स्टेशनं, चालवायला स्वतःच्या गाड्यासुद्धा नाहीत. ज्या मोठ्या कंपनीचा आधार मिळेल म्हणून सगळा घाट घातला होता, तिने ऐन वेळी पाठ फिरवली. मग ग्रेट वेस्टर्नकडून गाड्या चालवून घ्यायची वेळ आली. लग्न ठरवायचं एका घरात आणि वरात निघायची दुसऱ्याच्या मांडवातून, तसला प्रकार.

आता तुमच्या प्रश्नातला लंडनचा माणूस येतो. सर एडवर्ड वॉटकिन. एकाच वेळी तीन रेल्वे कंपन्यांचा अध्यक्ष : उत्तरेत मँचेस्टर-शेफिल्डकडची, लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन आणि दक्षिणेत थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारी साउथ ईस्टर्न. शिवाय इंग्लिश खाडीखालून बोगदा खणायच्या उद्योगातही तो होता. 1880 नंतर एक-दोन वर्षं खरोखर खणलंसुद्धा, मग सरकारने लष्करी धास्तीपोटी थांबवलं. आता हे तुकडे शेजारी शेजारी मांडून पाहा. मँचेस्टर, लंडन, डोव्हर, बोगदा, पॅरिस. ह्या माणसाला मँचेस्टरहून पॅरिसला गाडी न्यायची होती! मेट्रोपॉलिटनने लंडनची वेस सोडून उत्तरेकडे हातपाय पसरले ते ह्याच्या काळात. 1 जुलै 1891 ला तिने ती गरीब एल्सबरी लाइन गिळली. पुढच्या वर्षी लंडनकडून येणारे तिचे स्वतःचे रूळ एल्सबरीला पोचले. नंतर एकेरीची दुहेरी झाली आणि 1897 पासून बेकर स्ट्रीटहून थेट गाड्या वर्नी जंक्शनला येऊ लागल्या.

तोवर वॉटकिन आजारी पडून 1894 लाच खुर्चीवरून उठला होता. आणि ज्या उत्तरेच्या लाइनसाठी एवढा खटाटोप केला, ती ग्रेट सेंट्रल, 15 मार्च 1899 ला लंडनपर्यंत सुरू झाली खरी, पण ती मेट्रोपॉलिटनला मिळाली अलीकडेच, क्वेन्टन रोडपाशी. वर्नी जंक्शन बाजूलाच राहिलं. मुख्य प्रवाह क्वेन्टनवरून उत्तरेला निघून गेला आणि शेवटची काही मैल लाइन शेपटासारखी मागे उरली. बेकर स्ट्रीटहून निघालेल्या गाडीत इथवर यायला किती माणसं राहत असतील, तुम्हीच विचार करा.

माणसं कमी, पण थाट बघा. 1 जून 1910 पासून मेट्रोपॉलिटनने दोन पुलमन डबे जोडायला सुरुवात केली. नावं ‘मेफ्लॉवर’ आणि ‘गलाटिया’, शर्यतीच्या दोन शिडाच्या बोटींवरून ठेवलेली. आत आरामखुर्च्या, टेबलावर दिवा, सकाळी ऑफिसला जाताना न्याहारी, रात्री नाटक सुटल्यावर जेवण. त्यांच्या काही खेपा थेट वर्नी जंक्शनपर्यंत यायच्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. कल्पना करा, अंधारी रात्र, आजूबाजूला एक दिवा नाही, मेंढ्या झोपलेल्या, आणि शेताच्या कडेला एक डबा येऊन थांबतो, ज्यात वाढपी पांढऱ्या कोटात उभा आहे.

मेट्रोपॉलिटनचा हिशेब अगदीच वेडेपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. ह्या कंपनीला एक सवलत होती जी इतर रेल्वे कंपन्यांना नव्हती : रूळ टाकून उरलेली जमीन तिला ठेवून घेता यायची आणि विकसित करता यायची. 1915 पासून तिने ह्या पट्ट्याला ‘मेट्रोलँड’ म्हणून खपवायला घेतलं. शहरात नोकरी करा, बागेत राहा, आमच्या गाडीने या-जा करा. रिकमन्सवर्थ, अमरशमकडे घरं उठलीसुद्धा. आपल्याकडचे बिल्डर ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणतात ना, त्याचे हे मूळपुरुष. पण घरांची लाट एल्सबरीच्या पलीकडे आलीच नाही. वर्नी जंक्शनला सकाळी चढायचं ते मुख्यतः दूध. ह्या खोऱ्यातलं दूध कॅनमधून लंडनला जायचं.

प्रश्न : गावच नव्हतं म्हणता, मग ‘वर्नी’ हे नाव कुठलं? *(एक वाचक, सातारा)*

उत्तर : माणसाचं. सर हॅरी वर्नी, ज्याच्या जमिनीतून रूळ गेले तो जमीनदार, बकिंगहॅमचा खासदार आणि ह्या रेल्वेच्या कारभारातला मोठा माणूस. दोन-अडीच मैलांवर त्याचा वाडा, क्लेडन हाउस. स्टेशनला नाव द्यायला जवळ गाव नाही म्हटल्यावर मालकाचंच दिलं. मग स्टेशनमुळे रेल्वेवाल्यांची घरं झाली, एक दारूचा गुत्ता झाला, त्याचंही नाव वर्नी आर्म्स. आणि त्या वस्तीला लोक वर्नी जंक्शन म्हणू लागले. स्टेशन गेलं, वस्तीचं नाव राहिलं. टपालही त्याच नावाने येतं. म्हणजे मिल्टन कीन्सच्या वाचकांनी जी पाटी पाहिली ती गावाची आहे. जंक्शन नावाच्या गावात सध्या गाडीच थांबत नाही.

वर्नीची बायको पार्थिनोपी. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलची सख्खी मोठी बहीण. क्रिमियाच्या युद्धातली ती दिवेवाली बाई क्लेडनला वरचेवर येऊन राहायची. तिची खोली आजही त्या वाड्यात दाखवतात. ही बाई हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांतल्या अस्वच्छतेपासून खेड्यातल्या पाण्यापर्यंत सगळ्यावर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

आणि एक गंमत, जी मला इंजिनांच्या यादीत सापडली. मेट्रोपॉलिटनची वीस विजेची इंजिनं होती. 1927 च्या सुमारास त्यांना नावं दिली. तीन नंबरचं ‘सर राल्फ वर्नी’, ह्याच घराण्यातला सतराव्या शतकातला पुरुष. सतरा नंबरचं ‘फ्लॉरेन्स नाइटिंगेल’. पण विजेचा रूळ संपायचा रिकमन्सवर्थला. तिथे विजेचं इंजिन काढून वाफेचं जोडायचे. तेव्हा ही दोन्ही इंजिनं आपापल्या माहेरी कधी जाऊच शकली नाहीत.

प्रश्न : माझं माहेर मिरज, सध्या राहते चेन्नईला, मैलापूरजवळ. आमच्या घराजवळून बकिंगहॅम कॅनॉल जातो (आता त्याला गटार म्हणावं लागेल). तुमच्या बकिंगहॅमशी त्याचा काही संबंध, की नुसतं नाव सारखं? *(एक वाचक, चेन्नई)*

उत्तर : बाई, तुमच्या पत्राने मला पुन्हा कपाटातली पुस्तकं काढायला लावली. संबंध आहे, आणि चांगला घसघशीत आहे.

ज्या एल्सबरी कंपनीचं मी वर सांगितलं, तिचा अध्यक्ष होता बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक. ह्याच्या वडिलांनी एवढं कर्ज करून ठेवलं होतं की 1848 मध्ये त्यांच्या स्टो इथल्या वाड्यातलं सामान चाळीस दिवस लिलावात विकलं जात होतं. मुलगा शहाणा निघाला. रेल्वेचं वेड मात्र भरपूर. आधी तो लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न ह्या बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष होता. 1871 मध्ये क्वेन्टन रोडपासून स्वतःच्या शेतीवाडीतून त्याने स्वतःची एक ट्राम टाकली. सुरुवातीला ती घोडे ओढायचे.

हाच ड्यूक 1875 मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन गेला. पाठोपाठ 1876 ते 78 चा भयंकर दुष्काळ. आपल्याकडे सोलापूर-विजापूर पट्ट्यात जो पडला तोच. मद्रास इलाख्यात माणसं लाखांनी मेली. दुष्काळी कामं म्हणून किनाऱ्याने जाणारे कालव्याचे तुकडे जोडायला घेतले. मद्रास शहरातला कूम आणि अड्यार ह्या नद्यांमधला दुवा तेव्हाचा. खडी फोडायला आणि माती उपसायला जी भुकेली माणसं आली त्यांच्या हातचा तो कालवा, आणि नाव लागलं गव्हर्नरचं. त्याच दुष्काळावर 1878 मध्ये विलायतच्या एका मासिकात खरमरीत लेख कोणी लिहिला? फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. कालवे काढा, पाणी द्या, माणसं मरू देऊ नका, असा तिचा धोशा होता. म्हणजे एकाच छोट्या लाइनीचा अध्यक्ष मद्रासेत गव्हर्नर, आणि त्या लाइनीच्या कारभाऱ्याची मेहुणी लंडनमध्ये बसून त्याच मुलखातल्या दुष्काळाबद्दल सरकारला धारेवर धरते आहे.

तुमच्या कालव्यात आज चेन्नईच्या उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत. त्यातल्या एखाद्या खांबाकडे पाहून त्या रेल्वेवेड्या ड्यूकला काय वाटलं असतं हे मी सांगू शकत नाही. पण खांबांमुळे पाण्याची वाट अडते, ही तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : आजोबा, मी सातवीत आहे. बोगद्यात कोळशाचं इंजिन चालवलं तर माणसं गुदमरणार नाहीत का? *(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)*

उत्तर : गुदमरायची, बाळ. 10 जानेवारी 1863 ला लंडनची ही पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा वाफेचीच इंजिनं होती. वाफ धुराड्यातून बाहेर न सोडता नळीने परत पाण्याच्या टाकीत न्यायची, अशी त्या इंजिनात सोय होती. म्हणजे वाफ कमी झाली, पण कोळशाचा धूर कुठे जाणार? म्हणून मध्ये मध्ये छत उघडं ठेवलेलं असायचं. तरी लोक खोकत खोकतच बाहेर यायचे. 1905 पासून वीज आली. पण शहराबाहेर, जिथे मोकळं आकाश, तिथे वाफेचं इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. मध्ये एका स्टेशनात इंजिन बदलायचं. काही मिनिटांत एक सोडायचं, दुसरं जोडायचं, आणि गाडी हलली पाहिजे. मी हे काम उभ्या हयातीत पाहिलंय. सोपं नसतं. तुझ्या वर्गात कोणी विचारलं तर सांग, खलाशी, म्हणजे गाडी जोडणारा रेल्वेचा कामगार, दोन डब्यांच्या मध्ये वाकून उभा असतो आणि बफर त्याच्या डोक्याशेजारी येऊन आदळतात.

प्रश्न : इंग्लंडमधली खेड्यापाड्यातली स्टेशनं डॉ. बीचिंग नावाच्या माणसाने बंद पाडली असं नेहमी वाचतो. हेही त्याचंच पाप ना? *(एक निवृत्त अभियंता, नागपूर)*

उत्तर : साहेब, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते पटवायला थोडा वेळ लागेल.

बीचिंग रसायन कंपनीतून आलेला शास्त्रज्ञ. 1961 मध्ये ब्रिटिश रेल्वेचा अध्यक्ष झाला. मार्च 1963 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यात 2,363 स्टेशनं बंद करा असं लिहिलेलं होतं. तिकडच्या माणसाला आजही नाव काढलं की राग येतो. पण वर्नी जंक्शनवरून जाणारा ऑक्सफर्ड-केंब्रिज हा रेल्वेमार्ग त्या अहवालाच्या बंद यादीत नव्हताच! तरी तो गेला. 1 जानेवारी 1968 पासून ऑक्सफर्ड ते ब्लेचली प्रवासी वाहतूक बंद, आणि त्याबरोबर वर्नी जंक्शनही. तोवर बीचिंग खुर्ची सोडून अडीच वर्षं झाली होती.

माझं म्हणणं असं की ह्या स्टेशनाला कुणी एकाने मारलंच नाही. जंक्शन असं एका घावात मरत नाही. त्याचा एकेक हात जातो.

पहिला गेला तो लंडनचा. 1933 मध्ये लंडनच्या सगळ्या भुयारी गाड्या, बस, ट्राम एका मंडळाखाली आल्या. लॉर्ड अॅशफील्ड आणि फ्रँक पिक हे तिथले कारभारी. शहराची वाहतूक चालवायला बसलेल्या माणसांनी नकाशा उलगडला आणि त्यांना पन्नास मैलांवर दूध गोळा करणारी आपलीच लाइन दिसली. ड्यूकची ट्राम 1935 अखेर गेली. जुलै 1936 मध्ये एल्सबरीपलीकडे वर्नी जंक्शनपर्यंतच्या प्रवासी गाड्या बंद. त्या लाइनवर मालगाड्या चालत राहिल्या, मग दुहेरीची परत एकेरी केली, आणि 1947 मध्ये तेही संपलं. लढाईच्या काळात जवळच कॅल्व्हर्टला दोन लाइनी जोडणारा नवा वळसा टाकला होता. त्यामुळे एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर माल न्यायला वर्नीची गरजच उरली नाही. माझ्या मते खरा घाव हा. प्रवासी गेले तरी जंक्शन जगतं, मालगाड्यांचं यार्ड गेलं की संपतं.

दुसरा हात बॅनबरीचा. इथे ब्रिटिश रेल्वेने हातपाय हलवले, हे कबूल करायला हवं. 1956 मध्ये एकट्या डब्याची डिझेल गाडी सुरू केली, वाटेत रॅडक्लिव्ह आणि वॉटर स्ट्रॅटफर्ड असे दोन नवे थांबे काढले. प्रवासी वाढले. पण खर्च भागेल एवढे नाहीत. बकिंगहॅम ते बॅनबरी 1960 संपताना बंद, ते नवे थांबे पाच वर्षंसुद्धा टिकले नाहीत. उरलेला बकिंगहॅमपर्यंतचा तुकडा सप्टेंबर 1964 मध्ये गेला.

आता राहिली सरळ लाइन, ब्लेचली ते ऑक्सफर्ड. सरळ लाइनवरच्या शेतातल्या स्टेशनाला कोण उतरणार? जंक्शन ह्या शब्दातला जीव गेला होता, पाटी तेवढी होती. सव्वातीन वर्षांनी तीही काढली.

मी नोकरीची शेवटची वर्षं कुर्डुवाडीला काढली. तिथे बार्शी लाइनची छोटी गाडी आणि आमची मोठी गाडी भेटायची. एका एकादशीच्या आदल्या रात्री मोठी गाडी तासाहून जास्त लेट. पंढरपूरच्या छोट्या गाडीत माणसं टपावर बसलेली, आणि लेट गाडीत आणखी पाच-सहाशे वारकरी येणार हे मला ठाऊक. वरून फोन : वेळेत सोडा. मी इंजिनात पाणी भरायचं बाकी आहे असं कळवलं. खोटं नव्हतं, पाणी भरायला मीच सांगितलं होतं, जरा सावकाश. लेखी खुलासा द्यावा लागला, दिला. हे सांगायचं कारण एवढंच : जंक्शनच्या मास्तरचं अर्धं काम स्वतःच्या स्टेशनाचं नसतं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची वाट बघायचं असतं. ज्या दिवशी वाट बघण्यासारखी दुसरी गाडी राहत नाही, त्या दिवशी त्याला तिकिटं फाडण्यापलीकडे काम नसतं. वर्नी जंक्शनच्या मास्तरवर ती वेळ तीस वर्षांत हळूहळू आली.

ब्लेचलीपासून पुढे बेडफर्डपर्यंतची गाडी मात्र वाचली, आजही चालते. आणि ब्लेचली म्हटल्यावर एक गोष्ट सांगायचा मोह होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारी मंडळी जिथे बसायची ते ब्लेचली पार्क स्टेशनाला लागून आहे. ती जागा निवडण्यामागे रेल्वे हे एक कारण होतं : एकीकडे ऑक्सफर्ड, दुसरीकडे केंब्रिज, मध्ये ब्लेचली. ऑक्सफर्डहून निघालेले कितीतरी गणिती पेन्सिल चावत वर्नी जंक्शनच्या फलाटावरून पुढे गेले असतील. खिडकीतून पाहिलं असेल का? पाहण्यासारखं काय होतं म्हणा.

प्रश्न : पुढच्या वर्षी मुलाकडे लंडनला जाणार आहोत. मुद्दाम जाऊन पाहावं असं तिथे काही आहे का? ह्यांनी ‘शेत बघायला एवढ्या लांब कशाला’ असं आधीच सांगून ठेवलंय. *(एक वाचक, डोंबिवली)*

उत्तर : ह्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरी माझ्या दोन्ही फेऱ्यांचं सांगतो, मग ठरवा.

पहिल्यांदा गेलो तो 2014 चा जून. ऑक्सफर्ड-ब्लेचली रस्त्यावर 1968 नंतरही मालगाड्या जायच्या. मग त्याही थांबल्या, पण रूळ कुणी उचलले नव्हते. त्यामुळे मला जे दिसलं ते विचित्र होतं. रूळ जागच्या जागी, गंजून तपकिरी झालेले, आणि दोन रुळांच्या मध्ये मनगटाएवढ्या खोडाची झाडं. फलाटाच्या कडेचा दगड हाताला लागला, बाकी सगळं काटेरी जाळ्या. मी सवयीने आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहिलं आणि रूळ ओलांडला. मुलगी हसायला लागली. म्हणाली, बाबा, इथे गाडी थांबून पन्नास वर्षं होत आली. मी म्हटलं, सिग्नल दिसत नसताना कुणी तरी बघायला हवं.

स्लीपर कुजले होते, पण खुर्च्या शाबूत. खुर्ची म्हणजे रूळ ज्यात बसतो तो लोखंडी साचा, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मी वाकून तिच्यावरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं, वर्ष कोरलेलं असतं म्हणून. अक्षरं गंजात गेली होती.

दुसऱ्यांदा गेलो 2024 मध्ये आणि ओळखच पटेना. झाडं साफ, नवी खडी, चकचकीत दुहेरी रूळ, दोन्ही बाजूंना उंच कुंपण. ऑक्सफर्ड-केंब्रिज पुन्हा जोडायचं काम निघालंय आणि बिस्टर ते ब्लेचली हा तुकडा नव्याने टाकला आहे. शेजारच्या विन्स्लोला 1968 मध्ये गेलेलं स्टेशन नव्या जागी नवं बांधलंय. वर्नी जंक्शनला थांबा नाही. बरोबरच आहे. आता तिथे काही जोडलेलं नाही.

तेव्हा मुद्दाम वर्नीला जाऊ नका. क्वेन्टन रोडला जा. त्याच एल्सबरी लाइनवरचं ते जुनं स्टेशन रेल्वेवेड्या स्वयंसेवकांनी 1969 पासून जपलंय. वाफेची इंजिनं आहेत, फलाट आहेत, ह्यांना बसायला बाकही आहे. क्लेडन हाउस तिथून फार लांब नाही. उघडं असेल तर नाइटिंगेलची खोली बघून या. दोन्ही ठिकाणांच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या, हिवाळ्यात उगाच खेप पडेल. आणि जाता जाता वर्नी जंक्शनच्या पाटीपाशी थांबलातच, तर कुंपणाच्या अलीकडेच उभे राहा. मी 2014 मध्ये ओलांडला तसा रूळ ओलांडायला जाऊ नका.